डाव्या पायाच्या चपला

बेबीबाईच्या पडवीत आढ्याला युरियाची एक रिकामी थैली टांगलेली होती, आणि तिच्यात अकरा चपला होत्या. साऱ्या डाव्या पायाच्या, साऱ्या कोऱ्या. पोराचा, टेकचंदचा, डावा पाय मांडीतून गेला त्याला दहा वर्षं झाली होती. पण दुकानदार काही एका पायाची चप्पल विकत नाही, जोडच घ्यावा लागतो. टेकचंद उजवी घालायचा, झिजवायचा, फेकून द्यायचा. डावी त्याची माय उचलून थैलीत टाकायची. शेजारणी म्हणायच्या, "फेक न वो बेबी, घरात असं कायले ठेवते?" बेबीबाई म्हणायची, "ज्याच्यापायी हे झालं, त्याच्या टाळक्यात हाणाले ठेवल्या हायेत." बाया हसायच्या. बेबीबाई हसायची नाही.

झालं होतं ते तुमसरला, भैय्याजींच्या राइस मिलमध्ये. त्या मिलमध्ये बेबीबाईनं बावीस वर्षं कोंडा झाडला, तांदूळ पाखडला, आणि पोरगा वीस वर्षांचा झाल्यावर त्यालाही तिथंच लावून दिलं. ही चूक तिची. ती कुणाला सांगत नसे, पण रोज स्वतःला सांगायची. भैय्याजींच्या मिलचा एक नेम होता. दसऱ्याला मशीनची पूजा करायची, हार घालायचा, पहिला धान टाकायचा, आणि त्या धानाचा तांदूळ मालकाच्या ओंजळीत पडेपर्यंत मशीन थांबवायचं नाही. थांबलं तर साल बसते, अख्खं वर्ष बुडतं म्हणे. त्यात महिनाभर बंद असलेली मिल, कोरडा पडलेला पट्टा. पट्टा घसरू नये म्हणून राळ लावायची, ती लावली तर लावली, नाही तर नाही. पट्टा पुलीवरून सरकला की शहाणा माणूस मोटर बंद करतो, मग पट्टा चढवतो. भैय्याजींच्या मिलमध्ये चालत्या पुलीवर लाथ मारून चढवत. उजवीकडे भिंत होती, म्हणून लाथ डाव्या पायाची. टेकचंदनं मारली, आणि पाय पट्ट्याबरोबर आत गेला.

पुढं जे झालं ते पायापेक्षा वाईट झालं. पोलिसांसमोर भैय्याजी हात जोडून म्हणाले, "काय सांगू साहेब, पोरगा पिऊन होता." आणि साक्ष दिली इश्वरनं. इश्वर कोण, तर गल्लीतलाच. टेकचंदच्या वर्गातला, टेकचंदच्या ताटात जेवलेला. दोघांच्या पायाचं माप एक, त्यामुळं कोणाची चप्पल कोणाच्या पायात आहे हे त्यांच्या मायांनाही कळत नसे. तो मान खाली घालून म्हणाला, "हो, पेला होता."

अन् टेकचंदनं त्या साली नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस कडक उपास धरले होते! दसऱ्याच्या सकाळी पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. बेबीबाई हे ओरडून ओरडून सांगत फिरली. पण माय आपल्या पोराचं सांगणारच, म्हणून लोक मान डोलावत आणि पाठ फिरली की अंगठा तोंडाकडं नेऊन दाखवत. तेव्हापासून ती त्या मिलची पायरी चढली नाही.

टेकचंद मात्र निराळ्याच मातीचा निघाला. आधी घरी धानाचे कट्टे, भरलेली पोती उचलायचा, मग भंडाऱ्याच्या एका जिममध्ये जायला लागला. कुबडी एसटीत चढवून, स्वतः मागून चढून, रोज. शिबिरात मिळालेला प्लास्टिकचा पाय घासायचा म्हणून त्यानं तो खुंटीला अडकवून ठेवला आणि आहे त्या शरीराला लागला. छाती अशी झाली की जुन्या सदऱ्यांची बटणं लागेनात. रुपा त्याला तिथंच भेटली, तिच्या बापानं "दारुड्या हाये म्हणते पोरगा" म्हणून चार महिने अडवलं, तरी लग्न झालं. यंदा पावसाळ्यात नागपुरातल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत दिव्यांगांच्या गटात त्याला दुसरं बक्षीस मिळालं, आणि परत आल्यावर त्यानं अंगणात उभं राहून एक व्हिडिओ केला. फोन रुपानं धरला होता.

"माह्याजवळ एक पाय कमी हाये, पण बहाणा एकही नाही," तो म्हणाला. "तुमच्याजवळ दोन्ही पाय हायेत, मंग बहाणे कितीक हायेत ते पाहा. जे गेलं त्याच्याकडं मागं वळून पाहू नका. पुढं पाहा."

बस, एवढंच. चार दिवसांत पाच लाख लोकांनी पाहिला.

बेबीबाईला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी चुलीपाशी रुपा एकेक वाचून दाखवायची. कोणी लिहिलं होतं, "वाघ हाये भाऊ तू." कोणी साताऱ्याचा मास्तर होता, वर्गात पोरांना दाखवला म्हणे. एक बाई लिहीत होती की नवरा गेल्यापासून अंथरुणातून उठली नव्हती, आज उठून अंघोळ केली. ते ऐकून बेबीबाईनं पदर डोळ्याला लावला. मग वाकडी तोंडंही होतीच. "दुसरा पाय मागं बांधला असंल, नीट पाहा." "ज्ञान देणं सोपं, आधी काम कर." एकानं लिहिलं होतं, "अपंगाच्या सर्टिफिकेटसाठी लोक काहीही कापतात."

"मेल्या जिभेले हाड नाही!" बेबीबाईनं फुंकणी आपटली. "अन् हे कोण गा? गाव तरी लिवते का आपलं?"

"जाऊ दे न माय," टेकचंद हसत होता. "बोलू दे. पाहणारे वाढते."

आणि मग एका संध्याकाळी रुपा वाचता वाचता थांबली. फोन पालथा ठेवला.

"काय लिवलं?"

"काही नाही, आई."

"रुपा."

रुपानं वाचलं. "मी तिथं होतो. या भाऊचा पाय कसा गेला ते मले मालूम हाये. दसऱ्याच्या दिवशी पिऊन मशीनवर आला होता. आता दुनियेला शिकवून राहिला." खाली नाव होतं. इश्वरचं. लपवलं पण नव्हतं. त्या एका कमेंटखाली नऊशे लोकांनी अंगठे दाखवले होते, आणि त्याखाली रांगच लागली होती. 'खरं का?' 'असे लोक आदर्श म्हणायचे?' 'दारूनं पाय गेला अन् म्हणे बहाणा नाही.' ती आंघोळ केलेली बाईसुद्धा आली होती. तिनं फक्त लिहिलं होतं, 'वाईट वाटलं.'

तव्यावरची भाकर जळली, बेबीबाईनं ती तशीच खाली उतरवली. दहा वर्षं तिनं हे एकाच आशेवर गिळलं होतं, की गाव विसरेल. आता गावच नाही, सारी दुनिया पोराला दारुड्या म्हणत होती, आणि तेही त्याच इश्वरच्या तोंडानं.

"माय, माहा मेसेजच तो हाये," टेकचंद म्हणाला. "मागं नाही पाहाचं."

"तू नोको पाहू," बेबीबाई म्हणाली. "मी पायते."

आठ दिवसांनी भैय्याजी स्वतः गाडीनं आले. करून करून भागले अन् देवपूजेला लागले, तशातली गत. तुमसरच्या चौकात त्यांनी आधीच एक भलाथोरला फ्लेक्स लावला होता, टेकचंदचा उघडा दंड आणि शेजारी स्वतःचा जोडलेला हात: 'आमच्या मिलचा हिरा.' इश्वरनं लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. उलट पोरगा पिणारा होता, आता सुधारला, असं म्हटलं की त्यांचा हात वरच राहत होता. "दसऱ्याले या," ते म्हणाले. "मशीनपूजेच्या वेळी शाल-श्रीफळ देऊ. अन् टेकचंदच्याच फोनवरून लाइव्ह करू, त्याच्यावर लोक जास्त हायेत न."

टेकचंद नाही म्हणणार तोच आतून आवाज आला, "येऊ."

टेकचंद, रुपा, भैय्याजी, तिघांनीही वळून पाहिलं. बेबीबाई दारात उभी होती. "येऊ भैय्याजी. फक्त पहिला धान माह्या हातानं टाकाचा. बावीस साल झाडलं तुमचं मशीन, एवढा मान द्या."

"हे काय बोलणं झालं, बेबीबाई? तुमचंच मशीन हाये!"

गाडी गेल्यावर टेकचंदनं मायकडं कितीतरी वेळ पाहिलं. त्याला वाटलं, मायनं सोडून दिलं. त्याला बरं वाटलं. भोळं पोरगं.

बेबीबाईच्या वावरात हलका धान उभा होता, लवकर पिकणारा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी तिनं बांधांमधल्या दोन बांध्या, वावराचे दोन तुकडे, कापल्या आणि झोडल्या. धान उन्हात घातला नाही. ओला धान मिलमध्ये घातला की काय होतं, हे तिला सांगायला इंजिनियर लागत नव्हता. धान वर नेणाऱ्या बादल्या अडकतात, मोटर घुमते, आणि पट्टा सरकतो. तिनं अख्खा कट्टा भरला आणि तोंड शिवलं. शिवता शिवता रुपाला म्हणाली, "फोन तू धरजो. कायी झालं तरी बंद नोको करू. माही शप्पत हाये."

दसऱ्याला सकाळी अकराला मिल माणसांनी भरली होती. मशीनला झेंडूचे हार, पुलीला हळद-कुंकू. टेकचंदला खुर्चीवर बसवलं होतं, गळ्यात हार, कुबडी भिंतीला. इश्वर तेल लावायची डबी घेऊन पुलीपाशी उभा होता. तो अजून त्याच मिलमध्ये होता. टेकचंदकडं त्यानं पाहिलं नाही, बेबीबाईकडं तर नाहीच.

भैय्याजींनी भाषण केलं. जिद्द म्हणाले, मेहनत म्हणाले, "माणूस चुकते, पण सुधारते" असंही म्हणाले, आणि शाल टेकचंदच्या खांद्यावर टाकली. रुपाच्या फोनवर बदाम उडत होते. मग मोटर सुरू झाली आणि भैय्याजींनी सूपभर धान बेबीबाईपुढं धरला.

"सूपानं काय होते?" बेबीबाई मोठ्यानं म्हणाली. "माह्या वावरातला नवा धान आणला. कट्टाभर टाकते!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी एक क्षण कट्ट्याकडं पाहिलं, मग फोनकडं पाहिलं आणि हसले. कॅमेऱ्यासमोर काय म्हणतील? दोन हमालांनी कट्टा मशीनच्या तोंडाशी धान टाकायच्या खड्ड्यात ओतला. बेबीबाई चार पावलं मागं सरकली. तिथं खांब होता, आणि खांबावर मेन स्विचचं लाल हँडल. बावीस वर्षं ती त्या खांबाला पाठ लावून बसली होती. तिनं हात वर नेला आणि हँडलवर ठेवला.

फार वेळ लागला नाही. आधी मोटर कण्हली. मग पट्ट्यानं फट् फट् केलं आणि तो पुलीच्या कडेला सरकला.

"पट्टा!" कोणीतरी ओरडलं.

"मोटर बंद करू नोका!" भैय्याजी ओरडले. सवय ती सवय. फोन विसरले, शाल विसरले, खुर्चीवर कोण बसलं आहे तेही विसरले. "मशीन थांबाले नाही पायजे! इश्वऱ्या, पाहून काय राहिला? मार लाथ!"

टेकचंद एका पायावर उठून उभा राहिला होता. "नोको बे इश्वर! बंद करा! मोटर बंद करा!" त्याचा आवाज मशीनच्या आवाजात बुडाला. कुबडी खाली पडली.

इश्वरनं मालकाकडं पाहिलं. मग खांबाकडं पाहिलं. बेबीबाईचा हात हँडलवर होता. त्यानं तो पाहिला, हे तिनंही पाहिलं. त्याचे ओठ हलले.

तिनं ओढलं नाही.

हँडल ओढलं तरी पुली पंधरा-वीस फेरे मारल्याशिवाय थांबत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ओढायचं तर आत्ताच. पण तिच्या मनात आलं, जाऊ दे. जाऊ दे याचा. माह्या पोराचा गेला तवा याची माय घरी पुरणपोळ्या लाटत होती. मार लाथ. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. दहा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

"मार म्हणतो न!" भैय्याजी पुन्हा ओरडले.

इश्वरनं डावा पाय उचलला आणि पट्ट्यावर टेकवला. तेव्हा तिनं हँडल ओढलं.

पट्ट्यानं चप्पल धरली. इश्वर मागच्या मागं पडला, पाय वाकडा झाला, पट्टा फिरत राहिला, आणि चप्पल आत गेली. पलीकडून तिच्या चिंध्या निघाल्या. पाय बाहेर होता. पुली फिरत, फिरत, थांबली. भैय्याजींच्या मिलचं मशीन दसऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा थांबलं.

त्या शांततेत पहिलं वाक्य मालकाचं आलं. "कोणं बंद केलं? साल बसवलं न माहं!" इश्वरचा पाय आहे की गेला, हे त्यानं विचारलं नाही. रुपाच्या फोनमधून चाळीस हजार माणसं ते पाहत होती.

इश्वर जमिनीवर बसला होता. दोन्ही हातांनी आपलं पाऊल धरून तो लहान लेकरासारखा रडत होता. "पेला नव्हता," तो म्हणाला. आधी हळू, मग ओरडून. "टेका पेला नव्हता! उपास होता त्याले! तवाही मालकानं असंच म्हटलं होतं, लाथ मार म्हणून. मी खोटं बोललो. मी पोलिसाइले खोटं बोललो!"

रुपाचा हात हलला नाही. सासूची शप्पत होती.

त्या संध्याकाळी चौकातला फ्लेक्स कोणीतरी मधोमध फाडला. टेकचंदचा दंड तेवढा राहू दिला. दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसं आली, मिलला कुलूप लागलं, आणि भैय्याजी तब्येतीच्या नावाखाली घरात बसले. रस्त्यानं जाताना पोरं त्यांच्या फाटकासमोर ओरडायची, "मार लाथ!" बेबीबाईनं हे सारं नीट विचारून विचारून ऐकलं आणि दोन घास जास्त जेवली. रुपा वाचून दाखवत होती. ज्यांनी दारुड्या म्हटलं होतं तेच आता माफी मागत होते. ती बाई परत आली होती. आणि शंभर लोकांनी एकच लिहिलं होतं: 'माय असावी तर अशी. दुश्मनाचाही पाय वाचवला.'

"ते नोको वाचू," बेबीबाई म्हणाली.

"काहून आई? चांगलंच तर लिवलं."

"नोको म्हटलं न."

टेकचंद कोपऱ्यात वजनं उचलत होता. दसऱ्यापासून तो मायशी धड बोलला नव्हता. खुर्चीवरून त्याला खांब नीट दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी इश्वर आला. अनवाणी, घोट्याला पट्टी. अंगणात येऊन तो बेबीबाईच्या पायाशी वाकला. "काकी, तुमी होत्या म्हणून—"

"थांब." तिनं पाय मागं घेतले. तिला ते सोसवेना. शिव्या सोसल्या होत्या, हे नाही. "ओला धान मीच आणला होता. हँडलवर हात माहा होता, अन् मीच उशीर केला. मले तुहा पाय पायजे होता, इश्वर. लोकं काय लिवते ते लिवू दे. तू माह्या पाया नोको पडू."

टेकचंदच्या हातातलं वजन खाली टेकलं.

इश्वर वाकलेलाच होता. "मालूम हाये काकी," तो म्हणाला. "मी पायलं न तुमाले. हात हँडलवर, अन् हालत नाही." "टेकाच्या टायमाले त्या खांबापाशी मी होतो. माहा हात होता हँडलवर. मालक म्हणे बंद करू नोको, अन् मी उभाच राहिलो. तो माह्याकडं पाहून राहिला होता. तुमी निदान ओढलं. मी ओढलंच नाही."

कोंबडी अंगणात दाणे टिपत होती. बेबीबाईनं टेकचंदकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. दहा वर्षं त्याला हे माहीत होतं. मागं पाहू नका, हे त्यानं पाच लाख लोकांना सांगितलं होतं, पण सांगत होता स्वतःलाच.

बेबीबाई उठली. पाटावर चढून तिनं आढ्याची थैली खाली काढली आणि आत हात घातला. इश्वरला थैलीची गोष्ट माहीत होती, साऱ्या गल्लीला माहीत होती. त्यानं डोकं खाली केलं आणि डोळे मिटून घेतले.

ती चप्पल हातात धरून त्याच्या डोक्यापाशी उभी राहिली. मग तिनं ती त्याच्या पायापुढं फेकली.

"घाल."

त्यानं डोळे उघडले.

"तुही मशीनमधी गेली न? घाल. माप एकच हाये तुमचं."

इश्वरनं डावा पाय आत सरकवला. बरोबर बसली.

"उजवी घरी असंल तुही. तिच्यासंगं हीच घालजो. वावरात, बजारात, जाशीन तिथं. कोणं इचारलं तर सांगजो कोणाची हाये." बेबीबाईनं थैलीचं तोंड बांधलं. "झिजली का येजो. अजून दहा हायेत."

इश्वर निघाला. एका पायात कोरी चप्पल, दुसरा पाय उघडा. गल्लीतून जाताना त्याची चाल लंगडी पडत होती. टेकचंदनं कुबडी घेतली, दारापर्यंत आला आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. बेबीबाईनं पाटावर चढून थैली पुन्हा आढ्याला टांगली.